पीबीएचा २०२१ चा हंगाम : वर्षाचा खेळाडू नक्की कोण?

मिशिगनकर

आधीच सांगतो, हा धागा बुमराहच्या बोलिंगबद्दल नाही. दहा पिना, जड चेंडू, भाड्याचे बूट, त्या बोलिंगबद्दल आहे. क्रिकेटवाल्यांनी राहायचं असेल तर जरूर राहा, पण लाइन-लेंग्थ काढू नका.

डेट्रॉइटच्या आसपास राहून मला आता बरीच वर्षं झाली. इथल्या हिवाळ्यात करण्यासारखं फार काही नसतं, म्हणून हापिसातल्या लोकांनी दर गुरुवारच्या लीगमध्ये ओढलं. तिथूनच पीबीए, म्हणजे व्यावसायिक बोलर्सची संघटना, तिचा टूर बघायचं व्यसन लागलं. परवा आमच्या लीगमध्ये २०२१ च्या हंगामावरून जोरदार वाद झाला. तो इथे आणतोय, कारण तिथे माझ्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टेनिसमध्ये चार ग्रँड स्लॅम, तशा इथे पाच मेजर. २०२१ मध्ये पाच मेजरना पाच वेगळे विजेते मिळाले. प्लेयर्स चॅम्पियनशिप काइल ट्रूपने, टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स कॅनडाच्या फ्रान्स्वा लाव्वाने, वर्ल्ड चॅम्पियनशिप टॉम डॉहर्टीने, यूएस ओपन ख्रिस व्हायाने आणि मास्टर्स डेन्मार्कच्या थॉमस लार्सनने जिंकली. जेसन बेलमॉन्टे, जो एरवी दर वर्षी काही ना काही लुटून नेतो, त्याच्या हाती एकही मेजर लागली नाही.

वर्षाचा खेळाडू ठरला ट्रूप. त्याने त्या हंगामात ४,९६,९०० डॉलर कमावले. वॉल्टर रे विल्यम्स ज्युनियरचा २००२-०३ च्या हंगामातला ४,१९,७०० चा विक्रम मोडला.

माझं म्हणणं असं की त्यातले साडेतीन लाख दोनच स्पर्धांचे आहेत. प्लेयर्सचे अडीच लाख, प्लेऑफ्सचे एक लाख. उद्या कोणी एखाद्या स्पर्धेला दहा लाखांचं बक्षीस लावलं तर ती जिंकणारा आपोआप वर्षाचा खेळाडू होणार का? मेजर तर त्याचीही एकच. बोला.

तात्या_ठाणेकर

पहिला. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

एक बाळबोध प्रश्न: हा खेळ आहे की मॉलमधला टाइमपास?

सुरंगी

तात्या, तुम्ही काडी टाकून पळू नका. मॉलमधला टाइमपास आणि हा खेळ यांत गल्ली क्रिकेट आणि कसोटी इतका फरक आहे.

मिशिगनकर, माझं मत ट्रूपला. त्याची पँट बघूनच बक्षीस द्यायला हवं होतं. :)

पोहे_आणि_लिंबू

कोणी नियम सांगेल का? मी पुण्यात विमाननगरच्या मॉलमध्ये दोनदा गेलोय. वर स्क्रीनवर आकडे येतात, का येतात ते अजून कळलेलं नाही. एकदा मी कमी पिना पाडून जास्त गुण मिळवले होते. मशीन बिघडलं असेल असं समजून गप्प बसलो.

गटरगंगा

पोहे, मशीन बरोबर होतं.

एका डावात दहा फ्रेम. प्रत्येक फ्रेममध्ये दहा पिना पाडायला दोन चेंडू. पहिल्याच चेंडूत सगळ्या पडल्या तर स्ट्राइक, दोन चेंडूंत पडल्या तर स्पेअर. आता गंमत अशी की स्ट्राइकला दहा अधिक पुढच्या दोन चेंडूंचे गुण मिळतात, आणि स्पेअरला दहा अधिक पुढच्या एका चेंडूचे. म्हणजे व्याजावर व्याज. त्यामुळे लागोपाठ स्ट्राइक पडले की आकडा उसळतो. तुमचे स्ट्राइक-स्पेअर एकापाठोपाठ आले असतील आणि मित्राचे सुटेसुटे, म्हणून तुमच्या कमी पिनांना जास्त भाव मिळाला. शेवटच्या फ्रेममधले जादा चेंडू धरून ओळीने बारा स्ट्राइक म्हणजे ३००, पूर्ण डाव.

पोहे_आणि_लिंबू

अच्छा! म्हणजे मी हुशार होतो, मशीन नव्हे. धन्यवाद गटरगंगा. (नाव काय सुंदर घेतलंय.)

अनुस्वार

धागाकर्त्याशी असहमत. पैशाच्या आकड्याची एवढी हेटाळणी नको. या खेळात पैसा हाच इतिहास आहे. १९७५ मध्ये अर्ल अँथनीने एका हंगामात एक लाख डॉलर कमावले, असं करणारा तो पहिला बोलर. त्याहीआधी, १९६४ मध्ये, डॉन कार्टरला एका बोलिंग कंपनीने दहा लाख डॉलरचा जाहिरात करार दिला होता. दहा लाखांचा करार मिळालेला तो कुठल्याही खेळातला पहिला खेळाडू मानला जातो. त्या काळी शनिवारी दुपारी अख्खी अमेरिका टीव्हीवर बोलिंग बघत असे. १९६२ ते १९९७ पर्यंत चालला तो कार्यक्रम. नंतर ते दिवस गेले. अशा खेळात २०२१ मध्ये कोणी पाच लाखांच्या उंबऱ्यापर्यंत जातो, तर ती फक्त त्याची कमाई नाही, खेळाची नाडी परत लागल्याची खूण आहे.

आणि बक्षीस मोठं असलं की दडपणही मोठं असतं. शेवटच्या फ्रेममध्ये उभं राहिल्यावर हात कापतो तो अडीच लाखांपायीच.

मिशिगनकर

अनुस्वार, मुद्दा मान्य, पण हात कापण्याचं बक्षीस त्याला अडीच लाखांत मिळालंच की. पुन्हा मानाचंही कशाला?

घोंगडी

माझ्या मते त्या वर्षाचा हिरो डॉहर्टी. पार्श्वभूमी माहीत नसणाऱ्यांसाठी लिहितो, सावकाश वाचा.

जानेवारी २०११. टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्सची उपांत्य लढत, टीव्हीवर. समोर फिनलंडचा मिका कोइवुनिएमी. मिका एकामागून एक स्ट्राइक टाकत सुटला. अकरा झाले. बाराव्या चेंडूला एक पिन उभी राहिली, २९९. आणि त्याच लेनवर, त्याच तेलावर डॉहर्टीला काही म्हणता काही सापडेना. उघड्या फ्रेमवर उघडी फ्रेम, म्हणजे ना स्ट्राइक ना स्पेअर. शेवटी झाले किती? १००. बरोबर शंभर! टीव्हीवरच्या सामन्यात तोवर कोणा व्यावसायिकाचे इतके कमी गुण झाले नव्हते. १९९ चा फरक. मिकाने पुढे ती स्पर्धा जिंकून अडीच लाख नेले.

विचार करा, तुमच्या आयुष्यातला सर्वात वाईट दिवस कॅमेऱ्यासमोर, आणि पुढची दहा वर्षं जो भेटेल तो त्याच्याबद्दलच विचारणार. माणसाने ते हसून घेतलं. आणि २०२१ मध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या अंतिम फेरीत जेकब बटर्फला हरवून पहिली मेजर घेतली.

आता सांगा पँटवाल्याला द्यायचं की याला.

सुरंगी

घोंगडी, अंगावर काटा आला. पण पँटला नावं ठेवू नका, तिचीही गोष्ट आहे. काइलचे वडील गपी ट्रूप हेही पीबीएचे खेळाडू, आठ किताब त्यांच्या नावावर, आणि त्यांच्या काळात ते भडक, चित्रविचित्र पँटींसाठी प्रसिद्ध होते. मुलगा तो वारसा चालवतो. केसांचा तो भलामोठा गोल डोलारा, त्यात खोचलेला कंगवा, खाली रंगांची दंगल. पण चेंडू सुटतो तेव्हा मनगट बघा. दोन्ही हातांनी टाकतो, अंगठा भोकात न घालता.

तात्या_ठाणेकर

दोन्ही हातांनी??? मग नऊवारीचा ओचा धरून पण टाकू द्या. आमच्या वेळी एक हात पाठीमागे, असं शिकवायचे.

गटरगंगा

तात्या, तुमच्या वेळी ठाण्यात बोलिंग होतं? ;)

तात्या_ठाणेकर

नव्हतं. पण असतं तर असंच शिकवलं असतं.

रेषेबाहेर

दोन हातांच्या विषयावर माझी दोन पै.

ही पद्धत जगभर पोचवली ती बेलमॉन्टेने. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या ऑरेंज गावी त्याच्या आईवडिलांचं बोलिंग सेंटर. पोरगं दीड वर्षाचं असल्यापासून चेंडू ढकलायला लागलं. तो जड, मग दोन हात लावणारच. मोठं झाल्यावर सगळे म्हणाले, आता नीट टाक. त्याने ऐकलं नाही. आता पंधरा मेजर त्याच्या नावावर आहेत. अँथनी आणि पीट वेबर या दोघांच्या दहा होत्या, तो आकडा त्याने २०१९ मध्येच ओलांडला.

फायदा कसला? फिरकीचा. अंगठा बाहेर आणि दुसरा हात शेवटपर्यंत चेंडूवर, त्यामुळे चेंडू गरगर फिरत जातो, मिनिटाला पाचशे फेऱ्यांच्या हिशेबाने. तो पिनांच्या रांगेत तिरका घुसतो आणि पिना एकमेकींवर आडव्या आपटतात. सरळ चेंडू पिना पाडतो, फिरणारा चेंडू पिनांकडून पिना पाडून घेतो.

काही जुने लोक म्हणतात ही फसवणूक आहे. नियमात कुठेही ‘एकच हात’ असं लिहिलेलं नाही. क्रिकेटमध्ये ‘दूसरा’ला पण असंच म्हणायचे.

अनुस्वार

रेषेबाहेर, क्रिकेट काढलंत. धागाकर्ता रागावेल.

मिशिगनकर

रागावलो.

खडीसाखर

मी नेहमी फक्त वाचते, आज लिहिते. हा खेळ बायकांनीही खेळला आहे, त्याचा धाग्यात उल्लेखच नाही! २०१० मध्ये केली क्युलिक या बाईने टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स जिंकली. पुरुषांमध्ये, त्यांच्याच मेजरमध्ये. अंतिम सामन्यात ख्रिस बार्न्सला २६५-१९५ असं हरवलं. सत्तर पिनांनी! पुढे २०१७ मध्ये लिझ जॉन्सननेही पीबीएचा किताब घेतला. आणि हे सगळं कधी, तर बायकांचा स्वतंत्र टूर २००३ मध्ये बंद पडल्यानंतर. तो परत सुरू व्हायला २०१५ उजाडलं. मधल्या काळात क्युलिकसारख्या बाईला खेळायला स्वतःचा टूरच नव्हता.

वर्षाचा खेळाडू वगैरे चालू द्या, पण मला विचाराल तर बोलिंगमधला सर्वांत मोठा हंगाम तोच.

सुरंगी

खडीसाखर ताई +१०००. लिहीत जा हो.

घोंगडी

+१. बार्न्सचा चेहरा आठवतो. तरी सामना संपल्यावर त्याने मोकळेपणाने कौतुक केलं.

बटाटेवडा_४११०५२

कोणीतरी तेलाबद्दल बोललं वर. तेल कसलं? लेनवर तेल टाकतात?

गटरगंगा

टाकतात तर! खरा खेळ तिथेच आहे. मोठं लिहावं लागेल, चहा घेऊन बसा.

चेंडू टाकायच्या रेषेपासून पहिल्या पिनेपर्यंत लेन ६० फूट. आडवी मोजली तर ३९ पट्ट्या. चेंडू जास्तीत जास्त १६ पौंड, म्हणजे पुरुषांच्या गोळाफेकीतल्या गोळ्याइतका. लेनच्या सुरुवातीच्या भागावर, साधारण ३५ ते ४५ फुटांपर्यंत, मशीन तेलाचा पातळ थर देतं. तिथून पिनांपर्यंतचा भाग कोरडा. तेलावर चेंडू घसरतो, फिरत असला तरी वळत नाही. कोरडं लागलं की पकडतो आणि वळतो. दिसत काहीच नाही, लेन वरून सगळीकडे सारखीच चकचकीत.

मॉलमध्ये किंवा आमच्या लीगमध्ये तेल मधे भरपूर आणि कडेला कमी असतं. म्हणजे चेंडू चुकून बाहेर गेला तर कोरड्यावर वळून परत आत येतो, आणि चुकून आत गेला तर तेलावर घसरून सरळ राहतो. थोडक्यात, लेन तुमच्या चुका पोटात घालते. आईसारखी.

यूएस ओपनला लेन सासू होते. तेल आडवं जवळजवळ सारखंच. दोन पट्ट्या चुकलात की गेलात. म्हणून आमच्या लीगमध्ये २२० टाकणारा माणूस तिथे १७० ला धापा टाकतो.

आणि हे तेल स्थिर नसतं. प्रत्येक चेंडू थोडं तेल उचलतो, थोडं पुढे ओढतो. तासाभराने तीच लेन वेगळी होते. म्हणून ही मंडळी सहा-आठ चेंडू घेऊन हिंडतात, आणि दर दोन-तीन फ्रेमनंतर उभं राहायची जागा सरकवतात. पीबीएने या तेलाच्या नकाशांना प्राण्यांची नावं दिली आहेत. चीता, शार्क, लांडगा वगैरे. लांडग्याचं तेल आखूड, शार्कचं लांब.

बटाटेवडा_४११०५२

बापरे. मी आजवर घसरून पडायचो ते या तेलामुळे होय!

गटरगंगा

नाही, ते तुम्ही रेषा ओलांडत होतात म्हणून.

रेषेबाहेर

मला कोणी बोलावलं?

अनुस्वार

:हहपुवा:

गटरगंगांच्या तेलातून बटर्फच्या वादाकडे जाता येईल. बटर्फ डावखुरा. टूरवर डावखुरे मूठभर. मग लेनच्या उजव्या बाजूचं तेल पन्नास जण उधळतात आणि डाव्या बाजूचं दोघं-तिघं. त्यामुळे उजवे कायम कुरकुरतात की डावऱ्यांना ताजं तेल मिळतं. डावरे म्हणतात, आमची बाजू वापरलीच जात नाही, मग ती कशी वागते हे सांगणारंही कोणी नसतं. त्यात बटर्फ युरेथेनचा चेंडू वापरायचा. जुन्या पद्धतीचा, कमी वळणारा, पण भरवशाचा. पुढच्या वर्षी त्या जातीच्या काही चेंडूंच्या कडकपणावरून मोठा गोंधळ झाला आणि अमेरिकन काँग्रेसने काही चेंडू राष्ट्रीय स्पर्धांतून बाहेर काढले.

पोहे_आणि_लिंबू

अमेरिकन काँग्रेसला एवढा वेळ आहे???

अनुस्वार

अहो, बोलिंग काँग्रेस! त्यांच्या संस्थेचं नावच तसं आहे. यूएस बोलिंग काँग्रेस.

तात्या_ठाणेकर

मी पण क्षणभर खूश झालो होतो.

सातदहा

माझ्या नावावरून ओळखलं असेल मी कशासाठी आलो आहे.

२०२१ चा हंगाम म्हटला की मला पाच मेजर आठवत नाहीत, एक चेंडू आठवतो. एप्रिल महिना, रीनोचं नॅशनल बोलिंग स्टेडियम (हो, बोलिंगचं स्टेडियम, ७८ लेन!), यूएस ओपन, टीव्हीवर थेट. अँथनी न्यूअर, वय १८, लाल केस. पहिल्या चेंडूत आठ पिना पडल्या आणि उरल्या ७ आणि १०. मागच्या रांगेच्या दोन टोकांना एकेक, मधे तीन फूट. या दोन्ही एका चेंडूत पाडणं म्हणजे, कॅरमवर दोन कोपऱ्यांतल्या दोन सोंगट्या एका फटक्यात घेण्यासारखं, तेही बोर्ड ६० फूट लांब असताना.

यात नशीब लागतंच. एका पिनेला इतक्या जोरात मारायचं की ती मागच्या पडद्यावर आपटून आडवी परत यावी आणि दुसरीला लागावी. पोराने सरळ, जोरात टाकला. पिन आत गेली, उसळून बाहेर आली आणि समोरचीला घेऊन गेली. पोराचं तोंड उघडं ते उघडंच.

पीबीएच्या टीव्ही इतिहासात हे चौथ्यांदा झालं. पहिल्यांदा मार्क रॉथने, जानेवारी १९८० मध्ये. मग १९९१ मध्ये दोघांनी. त्यानंतर तीस वर्षं कोणाला जमलं नव्हतं.

घोंगडी

आणि तो सामना?

सातदहा

हरला. बटर्फने २५७-२०३ ने हरवलं. पण तो सामना कोण जिंकला हे आज किती जणांना आठवतं? तेच माझं म्हणणं आहे.

मिशिगनकर

सातदहा, तो चेंडू मी बघितला तेव्हा घरी आईबाबा आले होते. साताऱ्याहून. बाबांना मी आधी लीगच्या जागी नेलं होतं. त्यांनी भाड्याचे बूट हातात घेऊन वास घेतला, आणि ‘हे दुसऱ्याने घातलेले आहेत का रे?’ असं मराठीत, मोठ्याने विचारलं. काउंटरवरचा मुलगा बुटांत फवारा मारत होता, त्याला वाटलं कौतुक चाललंय. मग बाबांनी चेंडू पायांमधून दोन्ही हातांनी ढकलला. इतका हळू गेला की आम्ही सगळे वाकून बघत होतो, मधेच थांबतो की काय. नऊ पिना पडल्या. दहावी डुलली, डुलली, विचार केला आणि पडली.

बाबा परत येऊन बसले आणि म्हणाले, ‘ही तर लगोरी. फक्त परत रचायला आपल्याला धावावं लागत नाही.’

त्यानंतर ते प्रत्येक टीव्ही सामना माझ्यासोबत बघायचे. न्यूअरचा तो चेंडू बघून त्यांचा एकच शेरा होता: ‘पोराला घरी जाऊन दृष्ट काढायला सांग.’

खडीसाखर

किती गोड! बाबांना नमस्कार सांगा.

अनुस्वार

लगोरीवरून आठवलं: पिना रचायला पूर्वी मुलंच असायची, पिनबॉय. लेनच्या मागे बसायची, चेंडू आला की उडी मारून वर, मग खाली उतरून पिना उभ्या करायच्या आणि चेंडू परत ढकलायचा. रचायचं मशीन १९४६ मध्ये पहिल्यांदा लोकांना दाखवलं गेलं आणि पन्नासच्या दशकात सगळीकडे पसरलं. मग सेंटरं रात्रंदिवस चालू राहू लागली आणि खेळ फोफावला. पीबीए १९५८ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनला सुरू झाली ती याच भरतीवर. मिशिगनकरांच्या बाबांचं निरीक्षण अचूक आहे.

बटाटेवडा_४११०५२

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण भाड्याच्या बुटांचा नंबर मागच्या टाचेवर एवढा मोठा का लिहितात? आमच्या ग्रुपच्या फोटोत सगळ्यांच्या पायांचे नंबर दिसतात.

तात्या_ठाणेकर

चोरू नये म्हणून. टाचेवर ९ लिहिलेले बूट घालून सासुरवाडीला जाता येत नाही.

रेषेबाहेर

मूळ विषयाकडे वळू या का? मला एक गोष्ट खटकते ती अंतिम फेरीच्या शिडीची. सगळा आठवडा पन्नास-साठ डाव खेळून पाच जण उरतात. मग पाचवा आणि चौथा खेळतात, जिंकलेला तिसऱ्याशी, असं वर चढत पहिल्यापर्यंत. पहिला आठवडाभर सर्वांत चांगला खेळलेला असतो, पण त्याला एकच डाव. तो गार बसलेला, समोरचा तापलेला. दहा फ्रेममध्ये सगळा आठवडा पाण्यात. अशा पद्धतीत एक-दोन मेजरवरून वर्षाचा खेळाडू ठरवणं म्हणजे नाणं उडवणंच. हंगामभराची कमाई त्यापेक्षा बरं मोजमाप आहे. ट्रूप प्रत्येक वळणावर टिकून राहिला.

घोंगडी

शिडी टीव्हीसाठी आहे हो. दोन तासांत संपवायचं असतं. पण शिडी नसती तर डॉहर्टीचे १०० पण नसते आणि न्यूअरचा ७-१० कोणी बघितलाही नसता.

रच्याकने, त्याच वर्षी पीट वेबरने राष्ट्रीय टूरमधून निवृत्ती घेतली. तोच, ज्याने २०१२ ची यूएस ओपन एका पिनेने जिंकल्यावर कॅमेऱ्याकडे बोट दाखवून ‘तू समजतोस कोण स्वतःला? मी आहे!’ असं काहीतरी ओरडून जगाला कोड्यात टाकलं होतं. व्याकरण अजून कोणाला लागलेलं नाही.

सुरंगी

मी ते वाक्य रोज सकाळी आरशाला म्हणते.

मिशिगनकर

चला, दोन दिवस झाले, सगळ्यांचं वाचलं. आमच्याकडचं एक उदाहरण देतो आणि मग माझं मत.

मिशिगनमधल्या सॅगिनॉचा टॉम स्मॉलवुड. जनरल मोटर्समध्ये होता. २००८ च्या नाताळच्या तोंडावर नोकरी गेली. मीही मोटारींच्या धंद्यातच आहे, त्या महिन्यात इथल्या प्रत्येक घरात काय वातावरण होतं ते आमच्या जुन्या सहकाऱ्यांकडून ऐकलंय. माणसं पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायची, घरी काय सांगायचं ते सुचेना म्हणून. स्मॉलवुडने पुढच्या वर्षी टूरच्या पात्रता चाचण्या दिल्या, पार पडला. आणि २००९ च्या डिसेंबरात वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, समोर वेस मॅलट होता, त्या वेळचा वर्षाचा खेळाडू. बक्षीस पन्नास हजार डॉलर. ट्रूपच्या आकड्यापुढे काहीच नाही. पण आमच्या लीगमध्ये ट्रूपची कमाई कोणाला पाठ नाही, आणि स्मॉलवुडची गोष्ट नवीन माणूस आला की पहिल्याच गुरुवारी सांगितली जाते.

तर रेषेबाहेरांचा शिडीचा मुद्दा मला पटला. सबंध हंगाम बघितला तर ट्रूपच, मान्य. मत बदललं. पण लीगमध्ये सांगणार नाही.

अनुस्वार

इंटरनेटवर कोणीतरी मत बदललं! हा धागा कुलूप लावून जपून ठेवा.

सातदहा

मी बदललेलं नाही. एक चेंडू.

पोहे_आणि_लिंबू

भारतातून कोणी पीबीएत खेळतं का? आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धा होतात ना?

गटरगंगा

होतात. फेडरेशन आहे, आणि कर्नाटक, तमिळनाडू, दिल्लीकडची मंडळी पुढे असतात. आपल्याकडे अडचण तेलाचीच. मॉलवाल्याला वाढदिवसाच्या पार्ट्या सांभाळायच्या असतात. शनिवारी संध्याकाळी तीस मुलं चेंडू वरून आपटत असताना तो लेनवर स्पर्धेचं तेल कशाला टाकेल? सराव करायचा तर सकाळी लवकर, नाहीतर विसरा. मी मुंबईत असताना एका ठिकाणी व्यवस्थापकाला विचारलं, आज लेनवर तेल किती फूट आहे? तो म्हणाला, ‘सर, खाण्याच्या ऑर्डरी त्या काउंटरला.’

सुरंगी

:))))

तात्या_ठाणेकर

मंडळी, कबुलीजबाब.

हा धागा वाचून काल नातवाला घेऊन गेलो. म्हटलं, बघू या काय ते. पहिल्या चार चेंडूंत दोन गटर, म्हणजे थेट लेनच्या कडेच्या नालीत. अंगठा अडकला, चेंडूबरोबर मीही निघालो होतो, नातवाने शर्ट धरला. लेनच्या कडेला लहान मुलांसाठी कठडे वर येतात, ते लावू का, असं तिथल्या मुलीने फार प्रेमाने विचारलं. मी नाही म्हटलं. मान आहे की नाही काही?

नातवाचे १३१. माझे शेवटच्या फ्रेमला ९३ होते. दोन चेंडूंत सात पाडले. स्क्रीन बघितला आणि एकटाच हसत सुटलो.

बरोबर १००.

घोंगडी

तात्या!!! डॉहर्टी!!!

मिशिगनकर

अभिनंदन तात्या. आता फक्त दहा वर्षं सराव ठेवा.